श्रावण लांबवायचा असेल तर: मराठवाड्याच्या ताटातून मांसाहार सोडताना

आमच्या लातूरकडं कुणी "वशाट सोडलं", म्हणजे मांस-मच्छी सोडली, असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "माळ घातली का?" दुसरा येतो, "डॉक्टरनं सांगितलं का?" मी २०१६च्या श्रावणात सोडलं तेव्हा माझं दोन्हीला उत्तर "नाही" असंच होतं. माहेर धाराशिव जिल्ह्यातलं. घरी उस्मानाबादी शेळ्या असायच्या, करडं आमच्या अंगाखांद्यावर वाढायची. एका वर्षी त्यातलं एक कंदुरीला, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणाला, गेलं आणि त्या दिवशी घास खाली उतरेना. तरीही पुढं वीस वर्षं मी खातच होते. मग एकदा थांबले. कारण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि ते लोकांना पटवत बसायची गरज नसते.

गरज आहे ती दुसऱ्या एका गोष्टीची. मटण ताटातून उठलं की तिथं जागा रिकामी होते. ती जागा कशानं भरायची हे आधी ठरवलं नाही, तर ती आपोआप बटाटा, साबुदाणा, फरसाण आणि चहा-बिस्किटानं भरते. माझं पहिलं वर्ष तसंच गेलं. वजन चार किलोनं वाढलं, केस गळायला लागले आणि दुपारी चार वाजले की अंगातलं बळ जायचं. शेजारणीनं निष्कर्ष काढला की शाकाहार मानवत नाही. मानवला नव्हता तो माझा स्वयंपाक. तुम्ही नव्यानं सुरुवात करत असाल तर ते वर्ष तुमचं वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी काय सोडणार ते ठरवा

मटण, चिकन, मासे, सुकट-बोंबील हे सोडायचं, इतपत सगळ्यांच्या मनात असतं. अडतं ते अंड्यावर. आपल्याकडं अंडं मांसाहारात धरतात आणि पाकिटावरच्या नियमातही ते तसंच आहे. पण पोटाच्या हिशोबानं अंडं फार कामाचं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय बी १२ मिळतं. पहिलं वर्षभर अंडं ठेवून मग सोडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना त्रास कमी झाला. मला ते जमलं नाही, तो माझा प्रश्न. तुम्ही काय ते ठरवा, पण स्पष्ट ठरवा आणि घरच्यांना सांगा. "बघू, कधी खाईन कधी नाही" असं म्हटलं की वाढणारा वाढतच राहतो.

दूध-दही मात्र सुरुवातीला सोडू नका. एकदम सगळंच सोडायचं असेल तर गोळ्यांचा आणि तपासण्यांचा हिशोब वेगळा होतो. तो आहारतज्ज्ञाला विचारूनच करावा.

एक विनंती. फक्त लोकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून माळ घालू नका. तुळशीची माळ हा शब्द आहे, पंढरीला दिलेला. ज्याला वारी करायची, एकादशी धरायची, त्यानं ती घालावी. "मी खात नाही" हे उत्तर माळेशिवायही पुरतं, फक्त ते चार-पाच वेळा सांगावं लागतं.

सोडण्याआधी रक्त तपासा

हिमोग्लोबिन, बी १२, डी जीवनसत्त्व, आणि जमलं तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तालुक्याच्या गावीही आता हे नमुने घेतात. बऱ्याच जणांचं बी १२ मांस खात असतानाच कमी असतं, कारण महिन्यातून दोनदा रस्सा म्हणजे काही रोजचा मांसाहार नव्हे. सुरुवातीचा आकडा हातात नसला तर पुढं जे काही दुखेल ते सगळं शाकाहाराच्या माथी बसतं. तो कागद फाइलला लावून ठेवा.

साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्हींमुळं बी १२ शरीरात कमी शोषलं जातं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढं मी डाळीचं जे प्रमाण सांगणार आहे ते तुमच्यासाठी नाही. तुम्हाला प्रमाण डॉक्टरांनीच ठरवून द्यावं लागेल. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मूल, यांनीही विचारल्याशिवाय ताट बदलू नये.

कधीपासून

आपल्याकडचा मांसाहारी माणूस वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस शाकाहारीच असतो, फक्त त्यानं ते कधी मोजलेलं नसतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार तुळजाभवानीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर एकादशी, चतुर्थी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार आणि सबंध श्रावण. उरतो बुधवार, शुक्रवार आणि रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक महिना खुणा करा: ज्या दिवशी खाल्लं त्या दिवशी एक टिंब. महिनाअखेर टिंबं मोजा. बहुतेक घरांत ती आठ-दहाच्या वर जात नाहीत. म्हणजे बदलायचे आहेत ते तेवढेच दिवस.

आधी बुधवार सोडा, मग शुक्रवार. रविवार सगळ्यात शेवटी, कारण रविवारी घर एकत्र जेवतं आणि तिथं मन जास्त गुंतलेलं असतं. दोन-तीन महिने लागले तर लागू द्या.

श्रावणात सुरुवात केली तर पहिला महिना सगळं गावच तुमच्या बाजूनं असतं, हा मोठा फायदा. पण श्रावण अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी महिनाभर थांबलेल्या चुली एकदम पेटतात आणि गल्लीभर रश्श्याचा वास सुटतो. त्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी करा. घरात काहीतरी झणझणीत, भरपूर आणि मनापासून आवडणारं शिजलेलं असलं पाहिजे. करीच्या दिवशी ताटात दुधीची भाजी असेल तर निर्धार टिकणं कठीण.

ताटातली रिकामी जागा

आता मुख्य गोष्ट. थोडं गणित आहे, पण एकदाच करायचं आहे.

मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ५० ग्रॅम. आता आपलं साहित्य बघा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम, बाजरीत ११. तूर, मूग, मटकी, हुलगा (कुळीथ), हरभरा या सगळ्यांत कोरड्या १०० ग्रॅमला २० ते २४. शेंगदाण्यात जवळजवळ २५. पनीरमध्ये १८-१९. दुधात १०० मिलिलिटरला ३ च्या वर. सोयाबीन सगळ्यांचा बाप, ३६ च्या पुढं.

दिवसभरात चार मध्यम भाकरी म्हणजे २०० ग्रॅम पीठ, त्यातून २० ग्रॅम आले. कोरडी डाळ किंवा कडधान्य ८० ग्रॅम, त्यातून १७. मूठभर शेंगदाणे ३० ग्रॅम, त्यातून ७. दूध-दही-ताक मिळून ३०० मिलिलिटर, त्यातून १०. झाले ५४. यात एकही वस्तू बाहेरून मागवावी लागत नाही आणि पावडरचा डबा तर नाहीच नाही.

अडचण कुठं येते? त्या ८० ग्रॅम डाळीत. मी एकदा वजनकाट्यावर मोजलं. आमच्या घरच्या पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम २० ग्रॅम निघाली. दोन वेळा वाटी-वाटी वरण घेऊनही मी निम्म्यावरच होते, आणि डाळ खातेय या समाधानात होते. म्हणून आधी वरण घट्ट करा. दुसरं, एका वेळच्या जेवणात उसळ, डाळकांदा, पिठलं, शेंगोळे असं काहीतरी भाकरीबरोबर "भाजी" म्हणूनच खा आणि पालेभाजी त्याच्या जोडीला ठेवा. वांग्या-बटाट्याची भाजी डाळीच्या जागी बसत नाही.

डाळ आणि भाकरी एकाच दिवसात खाणं महत्त्वाचं. ज्वारी-बाजरीत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. आपल्या आज्यांनी वरण-भाकरी, ज्वारीचं धपाटं आणि वर दही, खिचडी असं जे लावून दिलं, ते या दृष्टीनं अगदी बरोबर आहे.

तुरीचं तर आपल्याला सांगायलाच नको. लातूरच्या डाळ मिलांची तूरडाळ देशभर जाते आणि जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं दिलेलं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. इतकी तूर पिकवणाऱ्या मुलखानं वरणात पाणी वाढवून जेवावं, हे मला पटत नाही.

सोयाबीनची गोष्ट वेगळी. आपल्या शिवारात खरिपाला नजर जाईल तिथं सोयाबीन, पण घरात दाणा येत नाही, सगळा आडतीवर जातो. घरी वापरायचा असेल तर एक नियम पाळा: कच्चं सोयाबीन कधीच दळायचं नाही. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनंच जातो. रात्रभर भिजवा, पाणी बदलून वीसेक मिनिटं उकळा, कडक उन्हात वाळवा, थोडं भाजा आणि मग गव्हात किलोला १०० ग्रॅम या प्रमाणात दळून आणा. त्याहून जास्त घातलं तर पोळीला वास येतो आणि मुलं ताट सरकवतात. बाजारातल्या सोया वड्याही चालतात. गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळून घ्या, तो कोंदट वास पिळण्यानंच जातो.

सुरुवातीला पोट फुगेल. आठवड्यातून दोनदा डाळ खाणाऱ्यानं रोज हुलगा खाल्ला तर फुगणारच. मुगापासून सुरू करा, मग मटकी, मग हरभरा-हुलगा. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी ओता, मोड आणा, फोडणीत हिंग आणि ओवा घाला. तीन-चार आठवड्यांत आतडी सरावतात.

आठवण येते ती चवीची

मटणाची आठवण म्हणून जे येतं त्यात मोठा वाटा भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाचा, काळ्या तिखटाचा आणि वर तरंगणाऱ्या तर्रीचा असतो. ते सगळं शाकाहारीच आहे. मला हे कळलं त्या दिवशी निम्मी लढाई संपली.

पाटवड्यांचा रस्सा हे रविवारचं पहिलं उत्तर. हरभऱ्याचं पीठ लसूण-मिरची-जिऱ्याच्या फोडणीत घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटलीत थापायचं, वर खोबरं-कोथिंबीर, चौकोनी वड्या. रस्सा अगदी मटणाचा करता तसाच करा, एकही मसाला कमी करू नका. वड्या ताटात वाढताना सोडा, आधी सोडल्या तर फुटतात.

दुसरं उत्तर हुलग्याचे शेंगोळे. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, ओवा, हळद, मीठ, चमचाभर तेल. घट्ट मळायचं. तेलाच्या हातानं दोरीसारखं वळून कडी करायची. पातेल्यात भरपूर लसणाची फोडणी, त्यात पाणी आणि काळं तिखट. खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळं सोडायचं. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा पाण्यात कालवून शेवटी ओतायचा म्हणजे रस्सा दाट होतो. वीस मिनिटं शिजू द्या. थंडीत, चुलीजवळ बसून, वर कच्चं तेल घेऊन हे खाल्लं की दुसरं काही नको वाटतं. आणि हे ताट पोटभर प्रथिनांचं असतं.

येसराची (भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाला दळून केलेल्या पिठाची) आमटी, सांडग्यांची भाजी, डुबुकवड्या, अख्खा मसूर, वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. आठ रविवारांची यादी आजच्या आज करून फ्रीजवर चिकटवा. आयत्या वेळी "आज काय करू" या प्रश्नाला कंटाळलेलं मन नेहमीचंच उत्तर देतं.

चटण्या कमी समजू नका. जवस, कारळ, तीळ, शेंगदाणा या चार बरण्या घरात कायम असाव्यात. मासे सोडल्यावर ओमेगा ३ ची जी उणीव राहते, ती आपल्याकडं काही अंशी भरून काढणारी सगळ्यात हाताशी असलेली वस्तू म्हणजे जवस. दाणे अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून भाजून कुटलेली चटणीच खा. रोज एक चमचाभर पुरे. तिळातून, तेही न पॉलिश केलेल्या, कॅल्शियमही चांगलं मिळतं.

लोह, लिंबू आणि चहा

मटणातलं लोह शरीर पटकन उचलतं, धान्य-भाजीतलं कमी उचलतं. म्हणून त्याला मदत लागते. जेवणात कच्च्या स्वरूपात क जीवनसत्त्व असू द्या: उसळीवर लिंबू पिळा, हिवाळ्यात आवळा घ्या, पेरू खा, कच्चा टोमॅटो-कोथिंबिरीची कोशिंबीर करा. उकळत्या आमटीत लिंबू पिळून शिजवू नका, क जीवनसत्त्व उष्णतेनं जातं. कडधान्य भिजवल्यानं आणि मोड आणल्यानंही त्यातलं लोह जास्त मोकळं होतं.

आणि चहा. जेवणावर चहा पिणारी घरं आपल्याकडं खूप आहेत. चहातली टॅनिन लोह अडवतात. जेवणाआधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. माझं हिमोग्लोबिन वाढलं त्याचं मोठं श्रेय मी या एका बदलाला देते. बायकांना दिवसाला लोह २९ मिलिग्रॅम लागतं, पुरुषांना १९. त्यामुळं ही काळजी घरातल्या बाईनं स्वतःसाठी दुप्पट घ्यावी. उरलंसुरलं आपण खायचं ही सवय मांस सोडल्यावर फारच महागात पडते.

थंडीत बाजरी, लोखंडी कढईत केलेली पालेभाजी, अळिवाची खीर. ज्वारी घेताना विचारून बघा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ साली "परभणी शक्ती" नावाचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. ओळखीचा कुणी पेरत असेल तर वर्षाची ज्वारी त्याच्याकडून भरा.

बी १२, इथं चालढकल नको

२०१९च्या हिवाळ्यात माझ्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. थंडीनं असेल म्हणून मी दोन महिने तेल चोळत बसले. मग जीभ लाल, गुळगुळीत झाली, घास तोंडात घेतला की झोंबायची. फोन कशाला उचलला तेच विसरायचे. शेवटी तपासलं तर बी १२ निघालं १२८, आणि रिपोर्टवरची खालची मर्यादा होती २००. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, बरं वाटायला तीन महिने लागले. पायाच्या दोन बोटांची बधिरता अजून पूर्ण गेलेली नाही. ती टाळता आली असती.

झालं असं की यकृतात बी १२ चा साठा असतो आणि तो बरीच वर्षं पुरतो. त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही, माणूस निर्धास्त होतो. साठा संपतो तेव्हा नसांवर परिणाम सुरू झालेला असतो. गरज फार थोडी, दिवसाला साधारण २ ते २.५ मायक्रोग्रॅम. पण ती कुठल्याच भाजीतून, डाळीतून, धान्यातून भागत नाही. मोड आलेले मूग, आंबवलेली इडली, शेवाळाची गोळी, यांनी बी १२ मिळतं असं जे सांगतात त्यावर विसंबू नका. मिळतं ते दूध, दही, पनीर आणि अंड्यातून. रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात जात असेल तर बरंच भागू शकतं, पण आपल्यातल्या कितीजणींच्या वाट्याला तेवढं दूध येतं? म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी ठरवून घ्या आणि वर्षातून एकदा तपासा. गोळी घेणं म्हणजे शाकाहार अपुरा ठरला, असं मनात आणू नका. मिठात आयोडीन घालतोच की आपण.

एका घरात दोन स्वयंपाक

माझा नवरा आणि मुलगा खातात. सासूबाई करतात, मी करत नाही. हे एका दिवसात ठरलं नाही. पहिलं वर्षभर मी त्यांच्यासाठी मटण शिजवत होते आणि स्वतःसाठी वेगळं, आणि रविवार संध्याकाळी पाठ मोडायची. म्हणून पुरुषवाचकांना सांगते: सोडायचं तुम्ही ठरवलं असेल तर आधी उसळ करायला शिका, डाळ तुम्ही भिजत घाला. तुमच्या व्रताचं ओझं घरातल्या बाईच्या मनगटावर टाकू नका.

भांडी वेगळी ठेवायची की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. आम्ही एक कढई, एक पळी आणि एक पाटा वेगळा केला, तेवढ्यावर भागलं. मसाला मात्र एकच. आधी मोठ्या पातेल्यात रस्सा करतो, माझा वाटा बाजूला काढतो, मग त्यांच्यात मटण पडतं. उलट क्रमानं करू नका.

मुलांवर लादू नये, असं माझं ठाम मत आहे. वाढत्या अंगाला अंडं मिळत असेल तर ते काढून घेऊ नका. आणि दुसऱ्याच्या ताटाकडं बघून नाक मुरडू नका. आपल्या भागात जेवणावरून माणसाला वर-खाली लेखण्याचा इतिहास मोठा आहे. कुणी काय खातो यावरून कुणाला घर भाड्यानं मिळत नाही, कुणाच्या हातचं पाणी चालत नाही. मी मटण सोडलं म्हणजे मी कुणापेक्षा शुद्ध झाले नाही. आठवडी बाजारातून पाव किलो सुकट नेणाऱ्या मजूरबाईच्या घरात ते सगळ्यात परवडणारं बळ असतं. हे ध्यानात ठेवलं तर माणसं तुटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला मदतही तीच माणसं करतात.

जत्रा, कंदुरी, लग्न, ढाबा

"नुसता रस्सा घे की गं, फोडी काढून देते." हे वाक्य तुम्ही पहिल्या वर्षात निदान वीस वेळा ऐकाल. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं. आमंत्रण आलं की तेव्हाच फोनवर सांगून टाका, "वैनी, मी आता खात नाही, मला पिठलं-भाकरी चालेल." ताटावर बसल्यावर सांगितलं तर यजमानीण बिचारी ओशाळते. कंदुरीला गेलं की मी सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन जाते. भाकरी तिथं असतेच. पंगतीत बसावं, गप्पा माराव्यात. जाणंच बंद केलं तर माणूस एकटा पडतो आणि मग सगळा राग शाकाहारावर निघतो.

छत्रपती संभाजीनगरला पाहुणे हमखास नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला नेतात. तिथं आधी चौकशी करा, नान एकटा वेगळा मिळाला तर दुसरीकडून भाजी आणा, नाहीतर सरळ वेगळ्या हॉटेलात बसा. ढाब्यावर एक प्रश्न नेमका विचारा: "ग्रेव्ही एकच आहे का?" बऱ्याच ठिकाणी तयार तर्री एका मोठ्या भगुण्यात असते आणि पळीही तीच फिरते. मन मानत नसेल तर डाळ तडका किंवा शेवभाजीपेक्षा कोरडं पिठलं, भेंडी, दही-भाकरी मागवा.

पाकिटावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण मांसाहारी. जुन्या पद्धतीच्या छपाईत त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपकाच दिसेल. केक, बिस्किटं, मेयोनीज, नूडल्स घेताना ही खूण पाहण्याची सवय लावा. जेली आणि खाऊच्या मऊ गोळ्यांत जिलेटीन असू शकतं. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. औषधाच्या कॅप्सूलचं कवचही बऱ्याचदा त्याचंच असतं. औषध मात्र त्यासाठी थांबवू नका.

चुकून खाल्लं तर

खाल्लं. पुढचं जेवण शाकाहारी घ्या. मी दोनदा खाल्लं आहे, एकदा न कळत आणि एकदा अगदी कळून, भावाच्या हळदीला. दुसऱ्या दिवशी कॅलेंडरवर टिंब काढलं आणि कामाला लागले. टिंबांतलं अंतर वाढत गेलं की झालं.

पहिली येळवस

लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडं येळवस असते, वेळ अमावस्या. सगळं गाव रानात जातं, गावात चिटपाखरू राहत नाही. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग जेवण: भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, माठातलं थंडगार आंबील. भज्जीत वाटाणा, तूर, हरभरा, पावटा यांचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी-चाकवतासारख्या पालेभाज्या, हिरवी चिंच, आणि सगळ्याला बांधणारं बेसन-ताक. ओल्या शेंगांचे दाणे आणि बेसन, बाजरी, पालेभाजीचं लोह आणि ते उचलायला चिंचेचा आंबटपणा, वर आंबिलातलं ताक. मी इतका वेळ जे मोजून-मापून सांगत होते ते सगळं एका द्रोणात.

श्रावणात सुरुवात केली असेल तर येळवसेपर्यंत चार-पाच महिने होतात. मुद्दाम या दिवशी कुणाच्यातरी रानात जेवायला जा. ओळख नसली तरी चालतं, येळवसेला वाटेवरच्या माणसालाही हाक मारून बसवतात. जेवणात काय काय पडलं ते त्या घरच्या बाईला विचारा, तिच्याकडून मूठभर येसर मागून घ्या, आणि घरी आल्यावर हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.